ओट्यावरची वीस मिनिटं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा ‘रोज फिरायला जा, मन ताजं राहील’ असं सांगणाऱ्याला दुपारी दीडला डांबरी रस्त्यावर उभं करावंसं वाटतं. सल्ला बरोबर आहे, वेळ सांगायची राहिली. खान्देशातला उन्हाळा दोन टोकांनाच जगायचा असतो: उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि दिवस कलल्यावर. मनासाठी जे करायचं, ते तिथेच बसवावं.

सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी ओट्यावर वीस मिनिटं. चहा तिथेच घ्या, कुंड्यांना पाणी घाला, नाहीतर नुसतं बसा. खिडकीतून येणारा उजेड पुरत नाही. उघड्यावरचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोप वेळेवर येते. यात उत्साहाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. उदास माणूस म्हणतो, जरा बरं वाटलं की उठेन. पण आधी उठावं लागतं. बरं वाटणं मागून, सावकाश येतं. म्हणून पाऊल इतकं लहान ठेवायचं की सगळ्यात वाईट दिवशीही जमेल. पहिल्याच सोमवारी पाऊण तास चालणं, ध्यान आणि मोबाइल बंद असं सगळं एकदम धरलं, तर ते गुरुवारपर्यंतही टिकत नाही.

खरी पंचाईत झोपेची. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि आपला स्लॅब दिवसभराची आग रात्री परत देतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारावं. झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्याने अंघोळ करावी. त्वचेकडे रक्त वळतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करणारी घरं पुष्कळ. खोलीत दमटपणा साचतो, घाम सुकत नाही आणि मध्यरात्री चिडून जाग येते. समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच. चहा चारनंतर नको, कारण त्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

शेतीपंपाची वीज रात्री येत असेल, तर हे सगळं कोलमडतं. केळीला पाणी भरून पहाटे आलेल्याला कोणी सूर्योदयाचं कौतुक सांगू नये. त्याने आधी झोपावं. मात्र उठायची वेळ रोजच्यापेक्षा दोन तासांहून जास्त पुढे ढकलू नये आणि उरलेली झोप दुपारी तीनच्या आत, अर्ध्या तासात आटोपावी.

मन शांत करायच्या श्वासालाही पद्धत लागते. चार आकडे मोजून आत, सहा मोजून बाहेर, पाच मिनिटं. लोक जोर लावून भराभर खोल श्वास घेतात, मग बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरायला नवं निमित्त मिळतं. खरं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. वेग कमी केला की थांबतं.

ज्यांना मनाच्या तीव्र चढउतारांसाठी लिथियमच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी या उन्हात विशेष जपावं. घामाने पाणी-मीठ गेलं की रक्तात औषध वाढतं. पाणी पीत राहावं, जेवणातलं मीठ अचानक तोडू नये. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

संध्याकाळी ओट्यावर शेजारी विचारतात, तेव्हा ‘बरं शे’ (बरं आहे) एवढ्यावर आपण विषय मिटवतो. एखाद्याला तरी खरं सांगावं. आणि दोन आठवडे रोजच मन बसलेलं असेल, जेवण-झोप-कामावर परिणाम होत असेल, तर ओटा आणि श्वास पुरणार नाहीत. जिल्हा रुग्णालयात दाखवावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत मिळते. मराठीत बोलता येतं.