आमची वाटचाल : बारा बाटल्या आणि एक नोंदवही

जुनी वाइन विकणाऱ्या आमच्या पेढीच्या नोंदवहीतील पहिली नोंद पेढी सुरू होण्याच्या चार वर्षे आधीची आहे. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये मी लंडनमधील एका वाइन व्यापाऱ्याच्या गोदामात कारकुनी करीत होते. तेथे फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील सँ-जुलिआँ गावच्या शातो (म्हणजे वाइन करणारा मळा) ग्रुओ-लारोझची, १९८६ सालच्या बारा बाटल्यांची एक लाकडी पेटी विक्रीस आली आणि मी निम्म्याहून अधिक पगार मोजून ती घेतली. यजमान हिशेब तपासनीस आहेत. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘एवढी पिणार कधी?’’ मी म्हटले, ‘‘एकेक करून, पुढच्या पंचवीस वर्षांत.’’ त्यांनी तो आकडा कागदावर लिहून ठेवला आणि त्यापुढे व्याजाचा दर लिहिला. तो कागद अजून त्या नोंदवहीत आहे.

माझे माहेर निफाड तालुक्यातले. वडिलांची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग होती आणि आमच्या घरी द्राक्षाचे वर्ष एप्रिलच्या खरड छाटणीने सुरू होऊन ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर चार-साडेचार महिन्यांत संपत असे. मण्यात पाणी उतरले की व्यापारी बांधावर येत, घड हातात घेऊन पाहत, भाव ठरे आणि माल तुटला की त्या द्राक्षाशी आमचा संबंध संपे. द्राक्ष तोडल्यानंतर त्याचे खरे आयुष्य सुरू होते, ही गोष्ट मला लंडनच्या गोदामात, पेट्यांवरची द्राक्षतोडणीची वर्षे वहीत उतरवताना कळली. लग्न होऊन मी १९९४ साली येथे, लंडनला, आले, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी होती, पण मिळाली ती नोकरी धरली आणि पुढे संध्याकाळचे वर्ग करून वाइनच्या परीक्षा दिल्या.

१९८६ हे साल मी जाणूनबुजून निवडले, असे आज सांगणे सोपे आहे. खरे कारण एवढेच की १९८२ ची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती. १९८२ साली बोर्दोमध्ये द्राक्षे भरपूर आणि पुरेपूर पिकली, आणि रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने त्या वाइनची सुरुवातीपासून मनापासून तरफदारी केल्यामुळे तिचे भाव चढतच गेले. १९८६ च्या सप्टेंबरात मात्र जोराचा पाऊस झाला. लवकर पिकणाऱ्या मेर्लो जातीच्या द्राक्षाला तो बाधला. बोर्दोच्याच मेदोक भागातील काबर्ने सोव्हिन्याँ ही जात उशिरा पिकत असल्यामुळे त्याला पावसानंतरचे कोरडे दिवस मिळाले, आणि त्यातून जी वाइन झाली ती टॅनिनने, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याने, इतकी भरलेली होती की, ती मुरायला किती वर्षे लागतील यावर व्यापाऱ्यांमध्ये वाद होत. वाद असलेला माल स्वस्त मिळतो, हे मला निफाडच्या बाजारातून ठाऊक होते.

पहिली बाटली त्याच वर्षीच्या दिवाळीत उघडली. बारा वर्षांची असूनही रंग जवळजवळ काळा आणि कडेला जांभळी झाक होती. तोंडात घेतल्यावर गालांची आतली कातडी आक्रसली. अभ्यासक्रमात शिकवलेले शब्द मी वहीत लिहिले : ब्लॅककरंट, सिडार, सिगारची पेटी. मग ते खोडले. ब्लॅककरंट हे फळ मी इंग्लंडला येईपर्यंत पाहिलेलेही नव्हते आणि सिगारची पेटी आमच्या घराण्यात कोणी बाळगलेली नव्हती. त्या रात्रीपासून चवीची नोंद मराठीत ठेवायची असे ठरवले, आणि तेव्हा लक्षात आले की या कामाला मराठी फार सोयीची आहे. इंग्रजीत टॅनिनसाठी मऊ, कडक, खरखरीत अशी स्पर्शाची विशेषणे वापरतात; आमच्याकडे तुरट म्हटले की हिरडा वेगळा, कच्ची सुपारी वेगळी, डाळिंबाची साल वेगळी आणि घसा धरणारे काजूचे बोंडू वेगळे. १९९८ च्या नोंदीत मी ‘बोंडू’ असे लिहिले आहे. रंगांचेही तसेच. तरुण वाइन जांभळी असते, मग डाळिंबी होते आणि पुढे पेल्याच्या कडेपासून विटकरी होत जाते. हे तिन्ही शब्द मला कोणी शिकवावे लागले नाहीत.

दुसरी बाटली २००१ मध्ये उघडली आणि मी घाबरले. वास जवळजवळ नाहीसा झाला होता, फळ कोठेतरी दडले होते, तुरटपणा मात्र जागच्या जागी होता. तिसरीही, २००४ मध्ये, तशीच. व्यापारातले जुने लोक याला वाइन मुकी झाली असे म्हणतात. तरुणपणीचा फळांचा वास ओसरलेला असतो आणि मुरण्यातून येणारा वास अजून आलेला नसतो, अशी ही मधली वर्षे असतात, आणि अनेक चांगल्या बाटल्या नेमक्या याच काळात उघडल्या जाऊन वाया जातात. माझ्या मते जुन्या वाइनच्या धंद्यातील निम्मे ज्ञान म्हणजे ही मुकी वर्षे ओळखणे. ते पुस्तकातून मिळत नाही, कारण प्रत्येक शातोची आणि प्रत्येक सालाची वर्षे निरनिराळी असतात. एकाच पेटीतल्या बाटल्या ठरावीक अंतराने उघडून पाहाव्या लागतात.

याच विचारावर आम्ही २००२ मध्ये पेढी काढली. लोकांना जुनी वाइन प्यायची असते, पण त्यासाठी थांबण्याइतका धीर, जागा आणि भांडवल नसते. तेव्हा थांबण्याचे काम आपण करावे, असा बेत होता. आम्ही लहान लहान लॉट घेऊन ते सरकारमान्य बंधपत्रित गोदामात ठेवू लागलो, जेथे माल बाहेर काढीपर्यंत अबकारी कर आणि व्हॅट भरावा लागत नाही. तापमान बारा-तेरा अंश, हवेत ओलावा सत्तर टक्क्यांच्या आसपास, उजेड नाही आणि हादरे नाहीत, एवढ्या चारच गोष्टी वाइनला लागतात, पण त्या वीस वर्षे अखंड लागतात. दर महिन्याला एक बैठक ठेवली. ७५० मिलीच्या बाटलीतून गाळ सोडल्यास चौदा जणांना जेमतेम पन्नास-पन्नास मिली मिळते, म्हणून चौदा खुर्च्या, एकच शातो आणि निरनिराळ्या वयाच्या पाच-सहा बाटल्या. या बैठकांच्या वर्गणीवर पहिली सहा वर्षे पेढी तगली.

२००५ साली आम्हाला चांगलाच फटका बसला. एका लिलावात जुन्या हवेलीच्या तळघरातील सत्तरच्या दशकातील बोर्दोचा मोठा लॉट आम्ही न पाहता घेतला. बाटल्या आल्या तेव्हा कित्येकांतील वाइनची पातळी खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली होती आणि काही बुचे बाहेर सरकली होती. चौकशीअंती समजले की त्या तळघराच्या भिंतीपलीकडे गरम पाण्याचा बॉयलर होता. उष्णतेने वाइन फुगते, बूच ढकलते, आणि थंड होताना हवा आत ओढते. साठांपैकी अकरा बाटल्या पिण्याजोग्या निघाल्या. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून माल कोणत्या हातांतून आणि कोणत्या खोलीतून आला याचा कागद असल्याखेरीज आम्ही सौदा करीत नाही, आणि प्रत्येक बाटली मागून दिवा धरून पाहतो.

मुरणे म्हणजे आत नेमके काय होते, हे मला बैठकीत दर वेळी समजावून सांगावे लागते. द्राक्षाच्या सालीतून रंगद्रव्ये येतात, साल आणि बियांतून टॅनिन येते, आणि ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात दीड-दोन वर्षे राहताना लाकडाचेही थोडे मिसळते. मोकळी रंगद्रव्ये पहिल्या काही वर्षांतच टॅनिनशी जोडली जातात आणि नवी, टिकाऊ संयुगे तयार होतात; त्यांतील काही इतकी मोठी होतात की तळाशी गाळ होऊन बसतात. टॅनिनच्या साखळ्या केवळ लांबत जातात अशी पूर्वी समजूत होती, पण त्या तुटतातही, आणि जिभेला जाणवणारा मऊपणा या दोन्हींतून येतो. आंबटपणा मात्र फारसा मुरत नाही. म्हणूनच ज्या वाइनमध्ये फळ कमी होते, ती म्हातारपणी पातळ आणि आंबट लागते. वय झाले की प्रत्येक वाइन चांगली होते ही समजूत धरून लोक साधी टेबल वाइन पंधरा वर्षे कपाटात ठेवतात आणि आमच्याकडे किंमत विचारायला आणतात. ती किंमत सांगणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत अवघड काम आहे.

आम्ही फक्त बोर्दो विकत असू, त्यात २००६ ने बदल केला. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर यांनी घेतलेल्या नावे झाकून चाखण्याच्या स्पर्धेत कॅलिफोर्नियाच्या वाइनने फ्रेंच वाइनवर मात केली होती, आणि त्यावर फ्रेंचांचे उत्तर होते की या वाइन टिकणार नाहीत. तीस वर्षांनी त्याच लाल वाइन लंडनमध्ये आणि कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात एकाच वेळी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या आणि रिज या वाइनरीची १९७१ ची माँटे बेल्लो सर्वांत वर आली. त्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियाच्या पहिल्या पेट्या घेतल्या. काही जुने ग्राहक रुसले, दोघे परत आले नाहीत.

२००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरील कर रद्द केला आणि पाठोपाठ लाफीत या बोर्दोच्या नामांकित शातोचे भाव असे वाढले की आमच्या गोदामातील चार पेट्यांची किंमत उरलेल्या सर्व मालाइतकी झाली. यजमान म्हणाले, विकून टाकू. मी म्हटले, अजून मुकी आहे. २०११ च्या उत्तरार्धात भाव कोसळले. या एका प्रसंगावरून आमच्या घरात अजूनही बोलणे होते, आणि यजमानांचे बरोबर होते हे मी येथे लेखी मान्य करते.

त्याच वर्षी दिंडोरीचे मामा आले होते. ते तेव्हा वाइनच्या द्राक्षाची कराराने शेती करीत. १९८६ ची सहावी बाटली मी त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी पेला हातात धरून आधी गाळाकडे पाहिले, पेन्सिलच्या भुशासारखा वास येतो म्हणाले, मग दोन घोट घेऊन विचारले, ‘‘ताई, आम्ही फेब्रुवारीत माल तोडतो, कारखान्याचे पैसे उन्हाळ्यात येतात, तरी सोसायटीचे व्याज अंगावर चढते. तू पंचवीस-पंचवीस वर्षे पैसे अडकवून बसतेस, ते कोणाच्या जिवावर?’’ याचे उत्तर चौदा खुर्च्या असे होते, पण ते त्यांना पटले नाही. ‘मामांना तुरट लागली नाही’ अशी त्या दिवशीची नोंद आहे. कात घातलेल्या पानाची सवय असल्याचा तो परिणाम असावा.

आता आमचे बरेचसे ग्राहक मुलांच्या जन्मसालाची पेटी घेतात. येथे एकविसावा वाढदिवस मोठा मानतात आणि लंडनमधील मराठी कुटुंबांनीही ती पद्धत उचलली आहे. २००५, २००९, २०१०, २०१६ ही साले असली की काम सोपे असते. २०१३ चे आईवडील आले की त्यांना सांगावे लागते की बोर्दोमध्ये ते वर्ष पावसाने गेले, त्याऐवजी इटलीतील बारोलो घ्या. एका वडिलांनी यावर, ‘‘म्हणजे मुलाचा दोष नाही ना?’’ असे अगदी गंभीरपणे विचारले होते.

आमच्या पेटीतील सर्वांत चांगली बाटली आठवी होती, २०१६ मधली, वयाच्या तिसाव्या वर्षी. दोन दिवस उभी ठेवून गाळ खाली बसू दिला, ठिसूळ झालेले बूच दोन पात्यांच्या चिमट्याने काढले आणि मेणबत्तीच्या उजेडात मानेकडे पाहत वाइन ओतली. गाळाची पहिली रेघ दिसताच हात थांबवला. रंग मध्यभागी डाळिंबी, कडेला विटकरी. पहिल्या दहा मिनिटांत ओल्या पानांचा वास, मग जुन्या देवदारी पेटीचा, आणि अर्ध्या तासाने, जो गेला असे वाटत होते तो काळ्या फळांचा वास परत आला. तुरटपणा उकळलेल्या चहाइतका राहिला होता. पाऊण तासानंतर ती उतरू लागली, म्हणून तेव्हापासून तीस वर्षांपुढची वाइन आम्ही आधी ओतून ठेवीत नाही, बैठक जमल्यावरच उघडतो.

टाळेबंदीत बैठका थांबल्या. लहान कुप्यांतून नमुने टपालाने पाठवण्याचा उपाय इतरांनी केला. तरुण वाइनला तो चालतो, पण तीस वर्षांची वाइन कुपीत भरताना लागलेल्या हवेनेच दोन दिवसांत निस्तेज होते, म्हणून आम्ही तो केला नाही आणि सव्वा वर्ष केवळ साठवणुकीच्या भाड्यावर काढले. १ ऑगस्ट २०२३ पासून येथील अबकारी कर मद्यार्काच्या प्रमाणावर बसतो. साडेअकरा ते साडेचौदा टक्क्यांच्या वाइनला सुरुवातीला एकच दर होता; १ फेब्रुवारी २०२५ पासून मात्र जुन्या बोर्दोवर, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या वाइनवर, त्याचा भार नव्या साडेचौदा टक्क्यांच्या वाइनपेक्षा कमी पडतो. जुन्या मालाला सरकारने दिलेली ही एकच सवलत माझ्या माहितीत आहे.

अकरावी बाटली गेल्या वर्षी उघडली. ती दहावीपेक्षा तरुण निघाली. वीस वर्षांनंतर एकाच पेटीतल्या दोन बाटल्या सारख्या राहत नाहीत, प्रत्येकीचे बूच निराळा श्वास घेते. बारावी गोदामात आहे, पातळी मानेच्या तळाशी, लेबल शाबूत. यजमानांनी व्याजाचा कागद काढून तिची आजवरची किंमत मांडली आहे, आणि तो आकडा त्यांनी मला अजून दाखवलेला नाही.