आंब्याच्या पेटीतली चार पिल्ले

कोकणातल्या पशुवैद्याला मांजरीच्या बाळंतपणासाठी सहसा कोणी बोलावत नाही. गुहागर तालुक्यातल्या माझ्या कामाचा मोठा भाग गाई-म्हशींचा आणि शेळ्यांचा आहे. मांजर आपली आपण कुठल्या तरी माळ्यावर विते आणि पिल्ले खाली उतरली की घरच्यांना कळते, हीच इथली रीत. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेचारला मांजरे पाळणाऱ्या ओळखीच्या काकांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या आवाजापेक्षा मागून ऐकू येणारे, तान्ह्या मुलासारखे ओरडणे ऐकून मी जागा झालो. सयामी मांजराचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. "डॉक्टर, दोन पिल्लं झाली, पण अर्धा तास झाला, नुसत्या कळा देतेय. पुढे काही नाही," काका म्हणाले.

मांजरीच्या दोन पिल्लांमध्ये कधी कधी बरेच तास जातात आणि ती शांत पडून पहिल्या पिल्लांना पाजत असेल तर घाबरण्याचे कारण नसते. पण सलग जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर येत नसेल, तर ते अडले आहे असेच धरायचे. मी बॅग उचलून निघालो. खाडीजवळच्या त्यांच्या वाडीत जायला त्या पावसात पाऊण तास लागला.

मुंबईतली नोकरी संपवून काका-काकू गावी आले तेव्हा सोबत सयामी मांजरांची एक जोडी होती. सयाम म्हणजे आजचे थायलंड. तिथल्या या मांजरांची एक जोडी १८८४ साली बँकॉकमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या अधिकाऱ्याने इंग्लंडला नेली, ही हकिकत काका येणाऱ्या-जाणाऱ्याला आवडीने सांगत. भाटीचे नाव जाई, बोक्याचे राजा. जाई पहिल्यांदा व्याली तेव्हा सगळी पिल्ले पांढरीशुभ्र निघाली, ना काळे कान ना काळे शेपूट, आणि काकूंनी ती परक्या बोक्याची असल्याचे ठरवूनच टाकले होते. सयामीचा गडद रंग तयार करणारे द्रव्य उबेत काम करत नाही, शरीराच्या थंड भागांतच करते. आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब असते म्हणून पिल्लू पांढरेच जन्मते आणि बाहेरची हवा लागल्यावर आठवड्याभरात कानांच्या कडा काळवंडू लागतात, हे मी त्यांना तेव्हा समजावले होते. काकूंनी रोज सकाळी पिल्लांचे कान उजेडात धरून त्याची खात्री करून घेतली होती.

मी पोहोचलो तेव्हा लाईट गेलेली होती. स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला आंब्याची लाकडी पेटी ठेवून तिच्यात पेंढा आणि त्यावर जुन्या सुती साडीच्या घड्या घातल्या होत्या. दोन पांढरी पिल्ले सुकी आणि पोटभर प्यालेली होती. जाई मात्र थकली होती. तपासले तेव्हा पिल्लाचे फक्त कुल्ले आणि शेपूट बोटाला लागले. मांजरांत मागचे पाय आधी येणे नेहमीचेच आहे, त्यात अडत नाही; पण इथे दोन्ही पाय पोटाखाली दुमडलेले होते. सुनेने बॅटरी धरली, काकूंनी जाईचे डोके मांडीवर घेतले. औषधी तेलाने निसरडे केलेले एक बोट आत सरकवून एकेक पाय हलकेच सोडवायचा, मग कळ येईल तेव्हाच, खालच्या दिशेने ओढायचे आणि कळ थांबली की आपणही थांबायचे. गाईच्या अडलेल्या वासराला खांद्यापर्यंत हात घालून सोडवणाऱ्या माणसाला हे करंगळीएवढ्या जागेतले काम फार कठीण जाते. वीस मिनिटांनी पिल्लू माझ्या तळहातावर आले. ते निपचित होते. नाका-तोंडातला चिकटा पुसून मी त्याला कोरड्या पंच्याने चोळत राहिलो, आणि किती वेळाने कोण जाणे, त्याने एकदा आचका दिला, मग बारीक आवाज काढला.

तेव्हा कुठे आम्ही त्याचा रंग पाहिला. ते करड्या रंगाचे होते आणि पाठीवर वाघासारखे काळे पट्टे. पंचवीस मिनिटांनी चौथे पिल्लू आपले आपण आले, तेही पट्ट्यांचे.

बराच वेळ कोणी बोलले नाही. तीन घरांनी पिल्ले सांगून ठेवली होती, दोघांनी आगाऊ पैसेही दिले होते. शेवटी सूनच म्हणाली, "बाबा, मे महिन्यात पेट्या भरत होतो ना, तेव्हा मागचं दार उघडं राहिलं होतं. जाई संध्याकाळी परसातून आली. मी कोणाला बोलले नाही." तिचा आवाज कापत होता, हातातली बॅटरीही हलत होती.

तिला तिथेच थांबवणे माझे काम होते, कारण दोष तिचा नव्हता. जाई माजावर आली आणि राजाशी लागली त्या दिवशी काकांनी मला फोन केला होता. मी एका गोठ्यात कामात होतो आणि "मग झालं काम, आता काळजी नको" एवढेच बोलून फोन ठेवला होता. ते उत्तर अर्धवट होते. मांजरीची अंडी सहसा आपोआप सुटत नाहीत, बोका लागल्यावर, साधारण एक-दोन दिवसांत सुटतात. आणि तिचा माज त्यानंतरही काही दिवस टिकू शकतो. त्या दिवसांत ती बाहेर पडली तर दुसरा बोका लागतो आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्ले होतात. माज पूर्ण उतरेपर्यंत तिला कोंडून ठेवा, हे एक वाक्य मी सांगायला हवे होते. ते मी सगळ्यांसमोर तसेच सांगितले. सयामीचा रंग दोन्हीकडून मिळाला तरच उतरतो, म्हणून गावठी बोक्याची पिल्ले जन्मतःच रंगाची निघाली आणि राजाची पांढरी, हेही सांगितले.

काकूंनी पट्ट्याचे एक पिल्लू उचलून जाईच्या पोटाशी लावले. "तिला कुठे फरक आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

चारही पिल्लांची वार पडल्याची मी मोजून खात्री केली. वाणसामान तोलण्याच्या काट्यावर पिल्ले ९२ पासून ११० ग्रॅमपर्यंत भरली. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवीत, म्हणून सुनेने कॅलेंडरच्या मागे वजनाचे रकाने आखले. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही, त्यामुळे लाईट येईपर्यंत गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवायच्या ठरल्या. एकाच कडेला, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला सरकायला जागा राहते.

उजाडल्यावर काकांनी तिन्ही घरी स्वतः फोन केले आणि झाले ते जसेच्या तसे सांगितले. एकाने आगाऊ दिलेले पैसे परत घेतले. त्याचा मला राग आला नाही, त्याने सयामी मागितली होती. पांढरी दोन चिपळूण आणि रत्नागिरीला गेली. अडलेले पट्ट्याचे पिल्लू सुनेने स्वतःसाठी ठेवून घेतले, दुसरे शेजारच्या भातकोठीवर उंदरांच्या राखणीला गेले.

जाईचे हे तिसरे वेत होते. पिल्ले सुटी झाल्यावर काकांनी तिची नसबंदी करायची ठरवली आणि ऑक्टोबरात मी ती शस्त्रक्रिया माझ्या दवाखान्यात केली, डाव्या कुशीवरचे केस काढून. मार्गशीर्षात त्यांच्याकडे गेलो तेव्हा नातवाने तिला उचलून माझ्यासमोर धरले. फिकट सायीसारख्या अंगावर, केस काढलेल्या जागी, तळहाताएवढा गडद तपकिरी चौकोन उगवला होता. उघडी कातडी गार पडली आणि नवे केस गडद आले. पुढच्या वेळी केस झडले की हा डाग जाईल का, असे त्याने विचारले. जाईल, मी म्हणालो, आणि या खेपेला तो का जाईल आणि किती दिवसांनी, हेही त्याच्यापाशी बसून सगळे सांगितले.