गच्चीवरचा पाऊस: आता पंधरा मिनिटांचा हिशेब

मंडळी, यंदा नोंदवहीत एक रकाना वाढलाय. सकाळी साडेआठला पाणी मोजून चोवीस तासांचा आकडा लिहायचा, हे चालूच आहे. शिवाय आता दर पंधरा मिनिटांचा पाऊसही वेगळा नोंदतोय. मुंबई तुंबते ती तासा-दोन तासांच्या माऱ्याने, दिवसाच्या बेरजेने नाही. आपल्याकडची जुनी गटारं ताशी २५ मिमीच्या हिशेबाने बांधलेली. ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या पावसाळी गटारं सुधारायच्या प्रकल्पात ती क्षमता ५० वर न्यायचं ठरलं. दिवसभर रिमझिमत १०० मिमी झाला तर कुणाच्या गावीही नसतं. तेवढाच दोन तासांत कोसळला आणि त्यात मोठी भरती असली, तर दादरजवळच्या सखल हिंदमाताकडे न फिरकलेलंच बरं.

आता यंत्राबद्दल. नरसाळ्याचा व्यास ११.३ सेंमी, म्हणजे तोंड १०० चौ. सेंमी, १० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. खाली दोन कप्प्यांचं झुलतं पात्र. एका कप्प्यात २ मिली जमलं की ते कलंडतं, त्यावरचा चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जुळणारं छोटं विजेचं बटण) सरकतो आणि ०.२ मिमीची नोंद पडते. (जोराच्या सरीत ही टकटक ऐकायला मला झकास वाटतं. घरच्यांचं मत वेगळं आहे.) गोची एवढीच की पात्र कलंडत असताना वरून धार चालूच असते, त्यातलं थोडं पाणी हिशेबातून निसटतं. म्हणजे ऐन धुमाकुळातच आकडा कमी दिसणार! म्हणून खाली बाटली लावलीय. सकाळी ते पाणी मोजपात्रात ओतायचं आणि जो फरक येईल तो जोरदार सरींच्या नोंदींत वाटून टाकायचा.

एवढा खटाटोप का? हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि शेजारचा अरबी समुद्रही तापतोय. मोसमाची बेरीज फारशी न बदलताही सरी आडदांड होऊ शकतात. रोजच्या एका आकड्यात ते दिसत नाही.

एका गच्चीने भागतही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. तेव्हा भांडुप, दहिसर, चेंबूरकडे कुणी अशा नोंदी ठेवत असेल तर कळवा. आधी घड्याळं जुळवू. यंत्र पाण्याच्या टाकीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब आहे ना, तेही बघून घ्या.