नळाच्या पाण्यानं तीन आठवडे खाल्ले

सापडला! घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या रक्तात शोधूनही मिळत नाही म्हणून ज्याच्यासाठी मागच्या वेळी इथं रडगाणं गायलो होतो, तो इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काल रात्री साडेअकराला १०० एक्सच्या तेलात दिसला. केंद्रकाच्या दोन पाकळ्या, भोवती केशरी दाणे गच्च. थेट नुक्तीनं भरलेला द्रोण. बायकोला उठवून दाखवला. "बरं," म्हणाली आणि झोपली.

घोळ असा होता की तांबड्या पेशी हिरवट-करड्या, न्यूट्रोफिलची (ह्याही पांढऱ्या पेशीच) केंद्रकं शाईच्या डागासारखी आणि इओसिनोफिलचे दाणे काळपट, म्हणजे ओळखूच येईनात. आधी लीशमनच्या, म्हणजे पेशी रंगवायच्या रंगाच्या, बाटलीवर संशय घेतला, नवी आणली. मग रंगवायची वेळ दहा मिनिटांची सहा केली. फिल्म, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थर, जाड असेल म्हणून काच ३० अंशांवर ओढून बघितली. ढिम्म फरक नाही. शेवटी पीएचची (आम्ल-अल्क मोजायची) पट्टी रंगात मिसळायच्या पाण्यात, म्हणजे नळाच्या नर्मदेत बुडवली, तर ८ च्या आसपास! लीशमनला हवा ६.८. पाणी अल्कधर्मी असलं की लीशमनमधला गुलाबी रंग, इओसिन, नीट धरत नाही, निळा रंग सगळं गिळतो. तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन आणि हे दाणे, दोघंही इओसिनचंच गिऱ्हाईक. म्हणून तर दोघं एकदम बिघडले. एवढं आधी डोक्यात यायला काय हरकत होती?

बॅटरीचं पाणी वापरलं तर सगळंच गुलाबी. मग मुकाट्यानं बफरच्या, म्हणजे पाण्याचा पीएच जागेवर धरणाऱ्या, गोळ्या घेतल्या. "साध्या पाण्यात चालतं" म्हणणाऱ्या दुकानदाराला जुन्या स्लाइड नेऊन दाखवणार आहे.

आज १०० डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) प्रकारवार मोजल्या. खुणेला डाळी: न्यूट्रोफिलला मूग, लिम्फोसाइटला तूर. न्यूट्रोफिल ५८, लिम्फोसाइट २९, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ८. पाचांतल्या दोन मोनोसाइटांबद्दल मन साशंक आहे, मोठे लिम्फोसाइटही असतील. ८ जरा जास्तच, पण धुळीची ॲलर्जी माझी जुनी, आणि ॲलर्जीत हे वाढतातच. बेसोफिल हा पाचवा प्रकार, तो एकही नाही. ते असतातच एक टक्क्याच्या आत, तेव्हा पुढची मोजणी ५०० ची.

यानंतर प्लेटलेट करायच्या ठरल्या होत्या. पण लिहिता लिहिता सुचलं: बफर जमलाय तर आधी आईची फिल्म काढतो. बायकांच्या सुमारे तीन टक्के न्यूट्रोफिलांत केंद्रकाला चिकटलेली ती 'ड्रमस्टिक' दिसते, मिटून पडलेल्या दुसऱ्या एक्स गुणसूत्राची. बोट टोचायला आई अजून तयार नाही. आणि तिचे मूग आधी डब्यात परत टाकायचेत.