तीन बोटांचा ब्राउन

जुन्या जमान्यातला अमेरिकन बेसबॉल पिचर (म्हणजे बॅटरकडे बॉल टाकणारा) मॉर्डेकाय ब्राउन, त्याच्या उजव्या हाताचा फोटो परवा परत झूम करून बघत बसलो होतो. अंगठ्याजवळचं बोट म्हणजे नुसता ठोंब, मधलं वेडंवाकडं, करंगळीपण अधू. लहानपणी इंडियानात शेतावर चारा कापायच्या मशीनमध्ये हात गेला, आणि ते धड बरं व्हायच्या आत पोरगं पडलं आणि उरलेली बोटं मोडली, ती तशीच वाकडी जुळली.

मग कोळशाच्या खाणीत काम, आणि १९०३ मध्ये २६व्या वर्षी मोठ्या लीगमध्ये. पुढच्या वर्षी शिकागो कब्स या टीमकडे. त्या ठोंबावरून सुटलेला बॉल असा काही फिरायचा की बॅटरसमोर येऊन एकदम खाली बसायचा! १९०६ चा त्याचा ईआरए १.०४, म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्याने दिलेली जेमतेम एक रन.

पण मला सगळ्यात आवडते ती ८ ऑक्टोबर १९०८ ची मॅच. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स खचाखच भरलेलं, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे सीझनच्या फायनलला जाणार, समोर न्यूयॉर्क जायंट्सचा पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन, आणि पहिल्याच इनिंगमध्ये कब्सचा पिचर ढेपाळला म्हणून ब्राउनला आणलं, आणि त्याने मॅच ४-२ अशी काढून दिली. नंतर वर्ल्ड सिरीजपण कब्सचीच.

१९१६ मध्ये ब्राउन आणि मॅथ्यूसन शेवटचे समोरासमोर आले, थकलेले, तेव्हा मॅथ्यूसन १०-८ ने जिंकला. ब्राउनचे एकूण २३९ विजय. हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या यादीतला मान, मिळाला १९४९ ला, तो गेला १९४८ ला. एक वर्ष फक्त, फार वाईट वाटतं.