नववा प्रश्न

गेल्या वर्षी याच दिवसांत मी एका फॉर्मवर खोटं लिहिलं होतं.

फॉर्म साधाच, मराठीतला, नऊ प्रश्नांचा. मागच्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं म्हणून विचारलेलं, अजिबात नाही म्हणजे 0 आणि जवळपास रोज म्हणजे 3. पीएचक्यू-9 म्हणतात त्याला, डिप्रेशन आहे का आणि किती ते बघायचा फॉर्म, हे मला नंतर कळलं. कशात रस वाटत नाही, 3. झोप, 3. थकवा, 3. भूक, आता पांढरा रस्सा समोर आला तरी गिळवत नव्हता, कोल्हापूरच्या माणसाला याहून वेगळी टेस्ट कशाला लागती, पण असो, 2 लिहिले. नववा प्रश्न होता की मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी असे विचार येतात का. तिथं शून्यावर टिक मारली आणि कागद उलटा करून ठेवला.

तिथंपर्यंत पोचायलाच सहा महिने गेलेले. मी शिरोलीला फाउंड्रीत आहे, क्वालिटीला. वरनं चकाचक कास्टिंग आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, घेऊन बसलेलं असतं हे रोज बघतोय, आणि स्वतःचं मात्र ॲसिडिटी ॲसिडिटी म्हणत ढकलत होतो. रडू वगैरे येत नव्हतं हो. नुसती चिडचिड, पोरावर उगाच ओरडायचो, पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची आणि मग रंकाळ्यावर जाऊन बसायचो, तर लोक म्हणायचे बघा काय फिटनेस. आईनं दृष्ट काढली. एकजण म्हणाला, "तालमीत ये की भावा, चार जोर मार, सगळं जातंय." व्यायामानं फायदा होतो हे खरं आहे, पण ज्याला आंघोळीला उठवत नाही त्याला जोर मार म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला जोतिबाच्या पायऱ्या चढायला सांगणं.

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 तपासून घेतलं, कारण थायरॉइड कमी पडला तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो. सगळं नॉर्मल. मला तर वाईटच वाटलं, काहीतरी सापडायला पाहिजे होतं. मग त्यांनी मानसोपचार तज्ज्ञांकडं पाठवलं. बायको बरोबर आली. गाडी दोन गल्ल्या पलीकडं लावली, ओळखीचं कुणी बघायला नको म्हणून.

तिथल्या डॉक्टरांनी फॉर्म बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाले हा थर्मामीटर आहे, ताप आहे एवढं सांगतो, कशाचा ते नाही. मग तासभर प्रश्न. दारू किती, घरात कुणाला असा त्रास होता का, मधे कधी न झोपताही नुसते जोरात होतात, पैसे उधळलेत असं झालं का. हे शेवटचं बायपोलर, म्हणजे कधी उदास तर कधी अतिजोरात असा आजार, आहे का बघायला विचारतात, कारण तसं असेल तर औषधं वेगळी लागतात, नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं बिघडू शकतं.

आणि मग, आवाज जरासुद्धा न बदलता, "नवव्याला शून्य लिहिलंय तुम्ही. मरायचा विचार येतो का?"

सहा महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्या शब्दाला वळसा घालून जात होते. विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल अशी भीती असते लोकांना, पण तसं होत नाही, अभ्यासांतनंही हेच दिसलंय, उलट माणूस मोकळा होतो. मी बोललो. मरायचे विचार येतात हे बोललो आणि त्याच्या आधीपासनं मी स्वतःला इजा करून घेत होतो तेही बोललो. कशी ते इथं लिहिणार नाही. का, ते सांगतो. तेव्हा मरायचं नव्हतं, आत सगळं बधिर झालेलं आणि त्या पाच मिनिटांत काहीतरी जाणवायचं, मग दिवसभर लाज. डॉक्टर म्हणाले ह्याला नाटक समजू नका, मरायचा हेतू नसला तरी पुढचा धोका वाढतो.

बायको एकदम घाबरून म्हणाली, "पोलीस केस होत नाही न्हवं?" नाही होत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूससुद्धा प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं, आणि 1 जुलै 2024 पासनं नवीन न्याय संहिता लागू झाली तिच्यात तो प्रयत्न गुन्हा धरणारं जुनं 309 कलमच नाही.

गोळी सुरू झाली, एस्सिटालोप्राम. पहिला आठवडा नुसती मळमळ, फरक शून्य. तीन आठवडे झाल्यावर एकदा सकाळी सहापर्यंत झोपलो. ह्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, झटके आल्यासारखं होतं, मी शहाणपणा करून बघितलाय, करू नका. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने घ्यायच्या आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. गोळ्यांची पाकिटं बायकोच्या कपाटात, रोजची रोज देते. जोडीला समुपदेशन. तिथं ह्या आठवड्यात कुठली एक छोटी गोष्ट करणार असं विचारतात. माझी पहिली गोष्ट होती गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पिऊन येणं. हसू नका, दोन दिवस लागले.

परवा तिथंच तालमीतला एक मित्र भेटला, तोच, जोर मार म्हणणारा. वजन उतरलेलं, पेला हातात तसाच. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी विचारलं, "मरायचा विचार येतोय का रे?" माझा आवाज काही डॉक्टरांसारखा सरळ निघाला नाही.

बराच वेळ म्हशीकडं बघत बसला. मग म्हणाला, "व्हय."

त्या रात्री त्याच्या घरीच झोपलो. झोपायच्या आधी दोघांनी स्पीकरवर 14416 लावला, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. गाडी त्यानंही दोन गल्ल्या पलीकडंच लावली. मी काही बोललो नाही.