हेडफोनमधला गडगडाट

हेवी मेटलमधला रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, सुचायला फारशी अक्कल लागत नाही. समोर टीव्हीवर बातम्यांची भांडणं चालू असावीत, मांडीवर अँप्लिफायरला न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार असावी आणि तिची सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवलेली असावी, बस. मग जाड बाजूच्या तीन तारा एका आडव्या बोटाखाली सा-प-सा बोलतात. गंधार मुद्दाम वगळायचा. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, तो मिसळला की चिखल होतो. षड्ज-पंचम मात्र कितीही भरडले तरी ओळखू येतात. उजव्या तळहाताची कड तारेवर टेकवून झगझग करत राहायचं आणि मध्येच पहिल्या फ्रेटवरचा, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या पट्टीवरचा, कोमल रिषभ टोचायचा. भैरवीत डोळ्यांत पाणी आणणारा हा स्वर इथे दात विचकतो.

तारा सैल करण्याची ही चाल रुजवली ती ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीनं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गेली ती नेमकी तारा दाबणारी बोटं. त्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१च्या अल्बमपर्यंत काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली नेली. हा सगळा राक्षसी जडपणा बऱ्याच अंशी एका दुखऱ्या हाताची सोय म्हणून आलाय, हे मला फार आवडतं.

तर, रिफ होतो. फोनमध्ये ‘नवीन’, ‘नवीन खरं’, ‘नवीन हेवी’ अशा नावांच्या फायली साठतात. गाणं होत नाही. कारण तोच रिफ चार मिनिटं वाजला की कानाशी डास. यावर मला सापडलेलं सगळ्यात कामाचं उदाहरण मेटॅलिका या अमेरिकन बँडचं. त्यांच्या ‘एंटर सँडमन’ गाण्याचा रिफ गिटारवाल्या कर्क हॅमेटचा, पण त्याचा पुढचा तुकडा पुन्हापुन्हा वाजव आणि शेपूट शेवटी एकदाच येऊ दे, हे सुचवलं ड्रमर लार्स उलरिकनं. म्हणजे नवं काहीच घातलं नाही, फक्त असलेलं उशिरा दिलं. समेची वाट पाहायला लावणं आपल्याला काही नवं नाही, पण स्वतःच्या रिफचं शेपूट कापताना हात थरथरतो खरा.

दुसरा भाग सुचत नसेल तर गिटारला हात लावू नये, ड्रम बदलावेत. रिफ तोच, वेग तोच, फक्त स्नेअर, म्हणजे कडक फटक्याचा ड्रम, निम्म्या चालीनं टाकायचा. एकदम डोंगर सरकल्यासारखं वाटतं. घरी ड्रम अर्थातच कॉम्प्युटरवरचे, माऊसनं एकेक टिंब ठेवून केलेले. त्यात दोन पथ्यं. सगळे ठोके सारख्या जोराचे ठेवले तर मशीनगन होते, म्हणून काही हळू करायचे. आणि स्नेअर, टॉम नावाचा ड्रम आणि क्रॅश नावाची झांज एकाच क्षणी वाजवू नयेत. ड्रमरला हात दोनच असतात. माझे सुरुवातीचे ड्रमर सगळे अष्टभुजा होते.

गिटार मात्र खरी, आणि दोनदा वाजवायची: एकदा डाव्या कानासाठी, एकदा उजव्या. इथे कॉपी-पेस्टची लबाडी चालत नाही. दोन्हीकडे हुबेहूब तेच आलं तर कान त्याला मधोमध एकच गिटार समजतो. दोन वाजवण्यांत जो केसाएवढा फरक राहतो, त्यानंच आवाज भिंतीएवढा रुंद होतो. आणि गेन, म्हणजे आवाज फाडण्याचं प्रमाण, वाटतो त्यापेक्षा कमी ठेवावा. भारदस्तपणा बराचसा बेस गिटारचा असतो, श्रेय गिटारवाला खातो.

गंमत म्हणजे हे सगळं घडताना घरात जवळजवळ शांतता असते. प्रलय हेडफोनच्या आत. बाहेर फक्त अँप्लिफायरविना वाजणाऱ्या तारांची किरकिर, त्यामुळे घरच्यांच्या मते मी रोज रात्री जेवण झालं की तारा खाजवत बसतो. आई एकदा म्हणाली, “अरे, जरा मोठ्यानं तरी वाजव, काय करतोयस ते कळेल.”

अडतं ते गळ्यापाशी. ग्राउल, म्हणजे मेटलमधलं गुरगुरतं गाणं, हेडफोनमध्ये कोंबता येत नाही. खरं तर नीट केलेला ग्राउल ऐकू येतो तितका मोठा नसतोच. पोटातून हवा, आणि मुख्य स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांची घरघर. माईक जवळ असला की भागतं. पण ‘तितका मोठा नसतो’ हे शेजारच्या काकूंना दाराशी उभं राहून समजावण्याची माझी तयारी नाही. म्हणून मी लॅपटॉप आणि माईक घेऊन पार्किंगमधल्या गाडीत बसतो. काचा बंद, सीटचं कापड आवाज शोषून घेतं, स्टुडिओ तयार. परवा ऐन ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे गाण्याच्या संथ, जड भागात, वॉचमनकाकांनी काचेवर टकटक केली, “साहेब, बरं वाटत नाही का? पाणी आणू?” टेक इतका छान आला होता की मी तो तसाच ठेवलाय. टकटक स्नेअरच्या जरा मागे पडते. ती उद्या सरकवून ठोक्यावर बसवायची आहे.